फ्रेंच चेंबर संगीताची संध्याकाळ : भाषा येत नसताना काय ऐकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही बरीच वर्षं ख्याल शिकलात, भावगीतं गाता. पुढच्या महिन्यात पॅरिसला लेकीकडे जाणार आहात आणि तिनं एका छोट्या सभागृहातल्या मैफिलीची तिकिटं काढून ठेवली आहेत. एक गायिका आणि डझनभर वादक. पत्रिकेत शोसोंचं ‘शाँसों पेर्पेत्युएल’, मालार्मे या फ्रेंच कवीच्या रावेलनं स्वरबद्ध केलेल्या तीन कविता, मॉरिस दलाझच्या ‘चार हिंदू कविता’, मध्यंतरानंतर डेब्यूसीचा बासरी-व्हायोला-हार्पचा सोनाटा, पूलँकचं ‘बेस्तिएर’ आणि शेवटी रावेलचं ‘शाँसों मादेकास’. फ्रेंच येत नाही, पाश्चात्त्य संगीताची सवय नाही. तयारी काय करावी, काय ऐकावं आणि आपण तिथे परके वाटू का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी गेली सव्वीस वर्षं गायकांबरोबर पियानो वाजवते. तुमच्या पत्रिकेतल्या तीन रचनांमध्ये पियानो आहे आणि त्या तिन्ही मी वाजवल्या आहेत. दलाझच्या गाण्यांत पियानो नाही, पण गायिकेच्या सुरुवातीच्या तालमींना सगळ्या वाद्यांची जागा एकट्या पियानोवर भरून काढायचं काम मी अनेकदा केलं आहे. परकेपणाचं उत्तर आधी देते: पत्रिकेतली एक रचना अशी आहे की त्या सभागृहात तिच्या शब्दांच्या सगळ्यात जवळची श्रोती बहुधा तुम्हीच असाल. तिच्याकडे पुढे येते.

आधी कान थोडा वळवावा लागेल. आपल्याकडे गाण्याला साथ असते. हार्मोनियम गायकाच्या मागून जाते, त्याची जागा टिपते, तो थांबला की भरते. ती सवय घेऊन ऐकलंत, तर इथली बासरी आगाऊ वाटेल आणि चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं खर्जातलं मोठं वाद्य, गायिकेच्या आड येतो आहे असं वाटेल. मी स्वतः शोसों पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा गायिकेच्या श्वासाकडे बघत तिच्या किंचित मागून जात होते. मुंबईत लागलेली सवय. तालमीत चेलोवादकानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला शांतपणे विचारलं, “तू कुणाची वाट बघते आहेस?” ते वाक्य मी विसरलेले नाही. या संगीतात वाद्यं गायिकेची वाट बघत नाहीत. त्यांचं स्वतःचं म्हणणं लिहून दिलेलं असतं, आणि गायिका त्या चार, सहा किंवा दहा बोलणाऱ्यांमधली एक असते. फक्त शब्द तिच्याकडे असतात. रावेलनं ‘मादेकास’बद्दल हेच सांगून ठेवलं आहे: हे एक प्रकारचं चौकडीसंगीत आहे आणि त्यात आवाज हे मुख्य वाद्य आहे. म्हणून गाणं चालू असताना डोळे सतत गायिकेवर ठेवू नका. तिनं एक ओळ संपवली की त्या क्षणी कोण बोलायला लागतं, ते बघा.

दुसरी गोष्ट भाषेची. फ्रेंच समजत नाही म्हणून तुम्ही काळजीत आहात, पण मराठी गाणाऱ्या माणसाला या भाषेचं एक अंग आतून कळतं. ‘सुंदर ते ध्यान’ बोलताना आपण ‘सुंदर्’, ‘ध्यान्’ असं म्हणतो. अभंगात मात्र सहा अक्षरं भरायची तर शेवटचा ‘न’ पूर्ण धरावा लागतो आणि गाताना तो ‘अ’ ऐकू येतो. फ्रेंच पद्यात अगदी हेच घडतं. शब्दाच्या शेवटी एक ‘ए’ लिहिलेला असतो. बोलताना तो गळतो, पण पुढे व्यंजन आलं तर कवितेत तो मोजला जातो आणि गाण्यात त्याला स्वतःचा, हलका, जवळजवळ वजन नसलेला स्वर मिळतो. तो स्वर कसा सोडला यावरून मला गायिका कळते. त्याच्यावर जोर दिला की ओळ लंगडते, गिळला की कवितेचं माप जातं. रावेलनं 1907 साली ‘इस्त्वार नातुरेल’ या गाण्यांमध्ये मुद्दाम तो ‘ए’ बोलण्यासारखा गाळला, तर पहिल्याच प्रयोगात श्रोते चिडले होते. एका अस्फुट स्वरावरून एवढं होऊ शकतं, इतकं या संगीतात अक्षराला महत्त्व आहे. अनुनासिक स्वरांचंही तसंच. प्रमाण मराठीतून ते बहुतेक गेले, पण कोकणी ऐकलेल्या कानाला त्यांत नवल वाटणार नाही.

याच्याच पोटात तिसरी गोष्ट आली. ख्यालात बंदिशीचे चार शब्द धरून आपण तासभर राग उलगडतो, एकच ओळ शंभर तऱ्हांनी म्हणतो. इथे ओळ एकदाच येते. आलाप नाही, पुनरावृत्ती फार कमी. तुमच्या दोन गायकीतली भावगीताची बाजू इथे जास्त कामाला येईल. आधी कवी, मग त्याच्या शब्दांच्या उंचसखलपणावर बेतलेली चाल. फ्रेंच शब्दांना इंग्रजीसारखे ठोके नसतात, ओळ सपाट रस्त्यासारखी जाते आणि शेवटाकडे किंचित वर येते. म्हणून ही गाणी पहिल्यांदा ऐकताना ‘चाल कुठे आहे?’ असं वाटतं. चाल वाक्यातच असते.

आता रचना.

‘शाँसों पेर्पेत्युएल’ 1898 सालचं. आवाज, पियानो आणि तंतुवाद्यांची चौकडी. पुढच्याच वर्षी शोसों सायकलच्या अपघातात गेला, वय 44. कविता शार्ल क्रोची: प्रियकर सोडून गेला आहे, ती आठवणींतून जाते आणि शेवटी तळ्यात, फुलांमध्ये, मरण पत्करायला निघते. कवितेची कडवी तीन-तीन ओळींची, आणि तिन्ही ओळींचं यमक एकच. ते यमक लाटेसारखं येत राहतं, भाषा न कळताही ऐकू येतं. पत्रिकेतलं हे सगळ्यात सोपं गाणं, कारण त्यात भावना उघड आहे. सुरुवातीला ठेवलंय हे बरं केलं.

त्यानंतरच्या दोन रचना एकत्र ठेवण्यामागे कार्यक्रम आखणाऱ्यानं विचार केला आहे. 1912च्या डिसेंबरात स्ट्राविन्स्कीनं बर्लिनमध्ये शोनबर्गचं ‘पिएरो ल्युनेर’ ऐकलं. एक आवाज आणि मूठभर वाद्यं, प्रत्येक तुकड्यात वाद्यांची वेगळी जुळणी. 1913च्या वसंतात रावेल आणि तो स्वित्झर्लंडमधल्या क्लारांसला एकत्र काम करत होते. तिथे ती कल्पना रावेलपर्यंत पोचली. पुढे 14 जानेवारी 1914 ला पॅरिसच्या साल एरारमध्ये, ‘सोसिएते म्युझिकाल अँदेपाँदाँत’च्या मैफिलीत, स्ट्राविन्स्कीची तीन जपानी गीतं, रावेलच्या मालार्मेच्या कविता आणि दलाझच्या हिंदू कविता एकाच संध्याकाळी पहिल्यांदा लोकांसमोर आल्या. रावेल जान बातोरीनं गायला, दलाझ रोझ फेआरनं. तुम्ही त्या संध्याकाळचे दोन तृतीयांश ऐकणार आहात.

मालार्मेची पहिली कविता ‘सुपीर’, म्हणजे उसासा. दहा ओळी आणि वाक्य एकच. ‘माझा आत्मा तुझ्या कपाळाकडे…’ अशी सुरुवात होते आणि ‘चढतो’ हे क्रियापद थेट चौथ्या ओळीच्या तोंडाशी येतं. फ्रेंच माणसाला हे वाट बघणं जड जातं, आपल्याला नाही. मराठी वाक्यात आपण जन्मभर शेवटच्या क्रियापदाची वाट बघत आलो आहोत. त्या तीन ओळी तंतुवाद्यं फक्त चमचमतात. बोट तारेवर नुसतं टेकवून काढलेले पातळ, काचेसारखे स्वर वरखाली धावत असतात आणि आवाज त्यांच्याखाली शांत चालत असतो. ‘मोंत’ हा शब्द ऐकायची तयारी ठेवा. कारंज्याचं पांढरं पाणी निळ्या आकाशाकडे चढतं, तशी ओळ चढते आणि मग शरदातल्या तळ्यावर पसरत खाली येते. त्याच वर्षी डेब्यूसीनंही मालार्मेच्या तीनच कविता निवडल्या आणि त्यांतल्या दोन अगदी त्याच निघाल्या, एकमेकांना न कळता. रावेलची तिसरी कविता कठीण आहे. रिकाम्या फुलदाणीची. ती पहिल्या ऐकण्यात मला कळली नव्हती, तुम्हालाही नाही कळली तर पुढे चला.

आता दलाझ. हा रावेलचा शिष्य आणि जवळचा मित्र. 1912 साली तो हिंदुस्थानात आला. चार गाण्यांना त्यानं प्रवासातल्या गावांची नावं दिली: मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर. नावं विषयाशी जुळवायला जाऊ नका. ‘लाहोर’मध्ये जर्मन कवी हाइनेची कविता आहे. उत्तरेकडच्या बर्फातलं एकटं पाइनचं झाड दूर पूर्वेच्या तापलेल्या कड्यावरच्या एकट्या ताडाचं स्वप्न बघतं, ती. पण ‘मद्रास’ आणि ‘जयपूर’ या दोन्ही भर्तृहरीच्या शृंगारशतकातल्या आहेत. ‘जयपूर’चे फ्रेंच शब्द म्हणतात: तिची आठवण काढाल तर यातना होतात, ती दिसली तर मन भांबावतं, स्पर्श केलात तर भान जातं, मग तिला प्रिया म्हणायचं तरी कसं? हा आपला ‘स्मृता भवति तापाय’, ज्याचा शेवट ‘सा नाम दयिता कथम्’ असा आहे. वामन पंडितांनी भर्तृहरीची शतकं मराठीत आणली, त्यामुळे हा कवी आपल्या घरातलाच आहे.

‘मद्रास’चा श्लोक मी पूर्ण लिहिते, कारण तो तुम्ही पाठ करून जावा असं मला वाटतं.

विश्रम्य विश्रम्य वनद्रुमाणां छायासु तन्वी विचचार काचित् ।
स्तनोत्तरीयेण करोद्धृतेन निवारयन्ती शशिनो मयूखान् ॥

कुणी एक नाजूक स्त्री रानातल्या झाडांच्या सावल्यांमधून, थांबत थांबत, फिरते आहे. छातीवरचा पदर हातानं वर धरून ती चंद्राचे किरण अडवते आहे. विरहिणीला चांदणं पोळतं हा संस्कृत कवितेतला नेहमीचा संकेत, म्हणून तो पदर. दलाझच्या हाती आलेल्या फ्रेंच शब्दांत मात्र ती तीन सोनेरी वस्त्रं उचलते आणि ज्या किरणांत न्हाली होती ते चंद्राला परत पाठवते. अडवण्याचं परत पाठवणं झालं आणि विरह निसटला. त्याच्या संगीतात तिला चांदणं बोचत नाही, ती चांदण्यात चमकते. हे मला चूक वाटत नाही, पण दोन वेगळ्या बायका आहेत एवढं लक्षात ठेवून ऐका.

एका गायिकेबरोबर या गाण्याची तालीम करत होते. पहिल्या वाक्यात ती कुठे श्वास घ्यावा यावर अडली होती. फ्रेंचमध्ये ‘मधूनमधून विसावत’ एवढंच आहे आणि ते वाक्याच्या शेपटाशी टाकलं आहे. मी तिला संस्कृत म्हणून दाखवलं: ‘विश्रम्य विश्रम्य’ आधी येतं, दोनदा येतं, चालण्याच्या आधी थांबणं येतं. तिनं ते चार वेळा म्हणवून घेतलं. मग गायला लागली तेव्हा तिनं स्वर एकही बदलला नाही, पण ती ओळ आधीच दमलेली होती. त्या दिवशी मला हे गाणं पहिल्यांदा खरं वाटलं.

‘लाहोर’ची सुरुवात तुम्हाला खुर्चीत सरसावून बसवेल. एकटा चेलो, तार छेडून, बोट घसरवत मींड घेत येतो. दलाझनं इम्दाद खाँसाहेबांच्या, म्हणजे विलायत खाँसाहेबांच्या आजोबांच्या, ध्वनिमुद्रिका कान देऊन ऐकल्या होत्या आणि तो घसरता स्वर तिथून आला आहे. त्या काळात पूर्वेकडचं काहीतरी हवं म्हणून ठरावीक दोन-चार सुरावटी वापरणारे युरोपात पुष्कळ होते. दलाझचं मला मोठेपण वाटतं ते यात, की त्यानं कल्पना करण्याआधी ऐकलं. त्याला राग कळला होता असं मी म्हणणार नाही. स्वर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना मधली वाट महत्त्वाची असते, हे मात्र त्याला कळलं होतं. गाण्याच्या शेवटी शब्द संपतात आणि गायिका नुसत्या स्वरांवर फिरते, काही तोंड उघडून, काही मिटून. पाश्चात्त्य पद्धतीनं घडवलेल्या गळ्याला हे फार अवघड जातं. तिनं मींड घेतली की नुसती पायऱ्या उतरली, हे त्या सभागृहात तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही.

डेब्यूसीचा सोनाटा 1915चा, त्यात आवाज नाही. युद्ध चालू होतं, तो आजारी होता, सहा सोनाटे लिहायचे ठरवले होते, तीन झाले. इथे काही शोधू नका. मध्यंतरानंतर कानाला बासरीचा पोत लागू द्या, पुढच्या गाण्यांना तो लागतोच.

‘बेस्तिएर’ पाच मिनिटांत संपतं. आपोलिनेरच्या प्राण्यांवरच्या चिमुकल्या कविता: उंट, तिबेटी बकरी, टोळ, डॉल्फिन, खेकड्याच्या जातीचं क्रेफिश आणि शेवटी तळ्यातला म्हातारा मासा, ज्याला मरण विसरून गेलं आहे. पूलँक तेव्हा विशीत होता. ही गाणी थट्टेच्या सुरात म्हणायची नाहीत, यावर तो आयुष्यभर ठाम राहिला. काही गायक इथे चेहरे करतात आणि लोक हसतात. तुमच्या गायिकेनं तो मासा गंभीरपणे गायला, तर ती शेवटच्या रचनेसाठी भरवशाची आहे असं समजा.

शेवटची रचना या संध्याकाळचा गाभा आहे. ‘शाँसों मादेकास’, 1925-26. आवाज, बासरी, चेलो, पियानो. कविता एवारिस्त द पार्नीच्या, आज ज्याला रेउन्यों म्हणतात त्या बेटावर जन्मलेला. मादागास्करच्या लोकांच्या गाण्यांचे अनुवाद म्हणून त्यानं 1787 साली त्या छापल्या. मादागास्करला तो कधी गेला नव्हता. त्याआधी, 1785 साली, तो पाँडिचेरीत फ्रेंच गव्हर्नरच्या पदरी होता. म्हणजे हिंदी महासागराच्या आपल्या बाजूनं त्यानं ते बेट बघितलं.

पहिलं गाणं ‘नाहांदोव’: प्रेयसीची रात्रीची वाट बघणं. बराच वेळ फक्त आवाज आणि चेलो, दोघांच्या मध्ये काहीच नाही. पियानोवर बसून तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून ऐकणं मला फार आवडतं. मग दुसरं गाणं येतं ते थेट ओरडून: ‘आउआ!’ हा शब्द पार्नीचा नाही, रावेलनं घातला. ‘किनाऱ्यावर राहणाऱ्यांनो, गोऱ्यांपासून सावध राहा.’ ते आले, जमीन मागितली, वचनं दिली, तटबंदी उभारली, तोफा आणल्या, आम्हाला न कळणारा देव देऊ केला. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आवाज, बासरी आणि पियानो वेगवेगळ्या पट्ट्यांत चालतात आणि मुद्दाम एकमेकांना घासतात. माझा डावा हात खाली एकाच जागी ठोकत राहतो, पियानो तिथे नगाऱ्यासारखा वाजवावा लागतो. 1925 साली हे गाणं पहिल्यांदा झालं तेव्हा फ्रान्स मोरोक्कोत लढत होता, आणि श्रोत्यांतला एक संगीतकार, लेओं मोरो, उभा राहून निषेध करत बाहेर पडला. रावेलसारख्या नीटनेटक्या, अंतर राखून राहणाऱ्या माणसानं हे लिहिलं याचं मला अजूनही नवल आणि कौतुक वाटतं. सुंदर करून गायलं तर हे गाणं मरतं.

तिसऱ्यात झाडाखालची दुपार. बासरी, चेलोचे पातळ स्वर, सुस्त उष्मा. एक माणूस बायकांना गायला, नाचायला सांगतो. संध्याकाळचा वारा येतो. आणि मग एकटा आवाज, जवळजवळ बोलल्यासारखा: ‘जा, जेवणाची तयारी करा.’ संपलं. कुठलाही मोठा शेवट नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला संपलं हे कळतच नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

तयारीचं विचारलंत. कवितांची भाषांतरं आधी वाचून जा, लेकीला मूळ ओळी एकदा मोठ्यानं वाचायला सांगा आणि सभागृहात कागद मिटून ठेवा. ध्वनिमुद्रण एकच ऐका: जॅनेट बेकर यांनी मेलोस आन्सांब्लबरोबर शोसों, दलाझ आणि रावेलच्या या दोन्ही रचना एकत्र गायल्या आहेत. दहा ऐकलीत तर तिथे तुलना करत बसाल. टाळ्या प्रत्येक गाण्यानंतर नसतात, चार कविता झाल्या की मग. दाद आतल्या आत ठेवणं आपल्याला जड जातं, मलाही सुरुवातीला गेलं. जागा निवडता आली तर पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत, मध्याच्या जवळ घ्या. व्यंजनं समोरच्या बाजूलाच नीट पोचतात आणि हार्पचे हात दिसतात.

अशा छोट्या सभागृहात कलाकार नंतर बाहेर येऊन लोकांशी बोलतात. लेकीला सोबत घेऊन गायिकेला जरूर भेटा आणि ‘विश्रम्य विश्रम्य’ तिला म्हणून दाखवा, सावकाश, वृत्तात. मी ज्या ज्या गायिकांना तो श्लोक ऐकवला, त्यांच्यापैकी एकीनंही मूळ त्याआधी ऐकलेलं नव्हतं.